गेम खेळणारा वेगळा आणि गेम उघडून दुरुस्त करणारा वेगळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं होतं. कॉम्प्युटरवरच्या गेमांनी पोरं वाया चालली, घराघरांतून गेम काढून टाका, असा त्या पत्राचा सूर होता. गुरुजींच्या काळजीबद्दल मला आदर आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या नादात आमच्या गल्लीतल्या एका पोराची मोटारसायकल गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सगळ्या गेमांना आणि सगळ्या पोरांना एकाच पोत्यात भरू नये, म्हणून हे पत्र.

माझं चोपड्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, 26 वर्षं झाली. केळीला उन्हाळ्यात पाण्याचा खंड चालत नाही, आणि त्याच दिवसांत व्होल्टेज पडतं, कधी एक फेज जातो आणि मोटर जळते. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पाऊस लागला की काम ओसरतं. असाच तीन वर्षांपूर्वीचा आषाढ होता. धाकटी मुलगी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला आहे, यंदा शेवटचं वर्ष. तिच्यासाठी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुना कॉम्प्युटर आणला होता. सुटीत ती त्यावर एक गेम खेळत बसायची. बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले, आकाशातून येणारा ड्रॅगन. तिने सांगितलं, ही स्कायरिम. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो, तो अजून उठलेलो नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही गेम 11 नोव्हेंबर 2011 रोजी आली. आपण एक माणूस व्हायचं आणि मोठ्या थोरल्या मुलखात हवं तिकडे जायचं. लोहार व्हा, जादू शिका, चोरी करा, कोणाची तरी राहिलेली कामं पार पाडा. तलवारी, रक्त हे सगळं त्यात आहे, म्हणून युरोपात तिच्यावर 18 वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे. लहान पोरांच्या हाती ती देऊ नये, या बाबतीत मी गुरुजींच्या बाजूचा आहे.

पण इतकी जुनी गेम लोक अजून का खेळतात, तर ती उघडता येते म्हणून. बनवणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी 2012 मध्ये ती उघडायची हत्यारं लोकांना मोफत दिली. तेव्हापासून जगभरच्या हौशी माणसांनी त्यात हजारो बदल केले, त्याला मॉड म्हणतात. मूळ गेममध्ये सामानाची यादी टीव्हीवर लांबून दिसावी अशी केलेली. कॉम्प्युटरवर ती एक लांबच लांब पट्टी दिसते, वस्तू शोधता शोधता जीव जातो. स्कायUI नावाच्या मॉडने तिथे रकाने पाडले: वजन, किंमत, आणि दर वजनामागे किंमत किती तेही. वर शोधायची पट्टी. माझ्या दुकानातल्या तारांच्या कपाटाला कोणी लेबलं लावून द्यावीत तसं वाटलं मला. दुसरा एक मॉड केवळ चुका दुरुस्त करणारा आहे. पुढे न सरकणारी कामं, हवेत तरंगणारे दगड, चुकीचे आकडे. मूळ कंपनीकडून राहून गेलेल्या अशा चुका बाहेरच्या लोकांनी एकेक करून काढल्या आणि त्या दुरुस्त्या सगळ्यांना फुकट वाटल्या. हे काम करणाऱ्यांना मी कारागीरच म्हणेन.

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच महिन्यात गेम जड चालतेय असं वाटून मी पोरीला न विचारता एक मॉड काढून टाकला. ती हॉस्टेलवर होती. मला वाटलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढण्यासारखं ते असेल. पण काही मॉड नुसते चित्र बदलणारे नसतात. त्यांच्या आज्ञा चालू असतात, आणि त्यांच्या खुणा आपण साठवलेल्या खेळात उतरलेल्या असतात. मधूनच मॉड उपटला की खुणा राहतात आणि आज्ञा जाते. शनिवारी ती आली, खेळ उघडला, तर माणसं जागच्या जागी उभी, काम पुढे सरकेना. थोड्या वेळाने तो साठवलेला खेळ उघडेचना. साठ तासांची मेहनत होती तिची. "आप्पा, मन्ही गेम कोठे गई?" एवढंच म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आमच्या धंद्यात पहिला नियम असा की जळालेली मोटर उघडली की कटर लावायच्या आधी वही घ्यायची. स्लॉट किती, एका कॉइलला टर्न किती, तार कोणत्या गेजची, पिच किती, कनेक्शन कसं, सगळं उतरवून मगच जुनी कॉइल कापायची. न लिहिता कापली तर मूळ वाइंडिंग काय होतं ते सांगायला कोणी उरत नाही. माझ्या उस्तादांनी हा नियम कानाला धरून शिकवला होता, आणि तोच मी घरात मोडला. त्या रविवारी दुकानातलीच एक कोरी शंभरपानी वही आणली. डाव्या पानावर मॉडचं नाव, कोणती आवृत्ती, कोणत्या तारखेला घातला. उजव्या पानावर तो कशावर अवलंबून, आणि घातल्यावर काय दिसलं. खेळ सुरू झाला की मधे काही काढायचं नाही, ही ओळ पोरीने पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिली. वही अजून चालू आहे.

मग ती मॉड मॅनेजरकडे, म्हणजे मॉड घालायचं-काढायचं काम सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळली. आधी आम्ही फाईली थेट गेमच्या फोल्डरात ओतत होतो, म्हणजे कुठली कोणाची हेच कळत नसे. मॉड ऑर्गनायझर नावाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मॉडला आपापला वेगळा कप्पा. मूळ गेमला हात लागत नाही. त्या प्रोग्रॅममधून गेम सुरू केली की तेवढ्यापुरतं सगळे कप्पे एकावर एक ठेवल्यासारखे गेमला दिसतात, बंद केली की मूळ फोल्डर जसंच्या तसं. मोटरीच्या बॉडीला भोक न पाडता नवा पंखा बसवावा तसं. व्होर्टेक्स नावाचा दुसरा मॅनेजर आहे. तो फाईलींची जोडणी गेमच्या फोल्डरातच करतो, पण सांगितलं की सगळं सोडवूनही घेतो. नवशिक्याला तो सोपा पडतो. मला कप्पे डोळ्यांसमोर लागतात.

या सगळ्यात खरा कस लागतो तो क्रमाचा. दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावत असतील तर जो नंतर वाचला जातो त्याचं चालतं. आम्ही गावात झाडं लावणारा एक मॉड घातला आणि घरं बदलणारा दुसरा. एका घराच्या दारातच झाड उगवलं, आत जाता येईना. एसएसई एडिट नावाच्या हत्याराने दोन्ही शेजारी शेजारी उघडून पाहिले, तर जिथे दोघांची टक्कर होती ती ओळ लाल. क्रम आपोआप लावून देणारा लूट नावाचा प्रोग्रॅम आहे, तो बरंच काम हलकं करतो, पण हे झाड त्याने काढलं नाही. पोरीने दोघांमधली तडजोड करणारी छोटी फाईल स्वतः बनवली. तिने पहिल्यांदा बनवलेली वस्तू ती. त्या रात्री घरात भरीत-पुरी झाली.

मॉडच्या मुख्य फाईली किती घालता येतात यालाही हद्द आहे. ती हद्द 254 का, हे मला तिने समजावून सांगितलं. अशा प्रत्येक फाईलला दोन अक्षरी क्रमांक मिळतो, तो सोळाच्या हिशोबाने मोजायचा, 0 ते 9 आणि पुढे A ते F. म्हणजे 00 पासून FF पर्यंत 256. त्यातला FF खेळताना नव्याने तयार होणाऱ्या गोष्टींसाठी राखीव. FE हलक्या फाईलींसाठी, त्या एकट्या खोलीत 4096 मावतात. उरले 254, आणि त्यातल्याही पहिल्या पाच जागा मूळ गेमच्याच. माझं शिक्षण दहावीपर्यंत. ते सोळाचं गणित मी पन्नाशीत शिकलो, आणि ते मला डोक्यात बसलं कारण त्याच्यावाचून माझं अडलं होतं.

बदल्यात मी तिला माझ्या धंद्यातली एक गोष्ट दिली. गेम एका गावाच्या वेशीवर पोचली की बंद पडायची, आणि घातलेले मॉड शंभरावर. ती एकेक काढून बघायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. कॉइलच्या मालिकेत बॉडीला शॉर्ट कुठे आहे ते शोधताना आम्ही मधोमध सोडवतो, दोन्ही अर्ध्यांना टेस्ट लॅम्प लावतो, ज्या अर्ध्यात दोष तो पुन्हा मधोमध. तसंच केलं. साठवलेल्या खेळाला हात न लावता, वेगळा नवा खेळ घेऊन. अर्धे चालू, अर्धे बंद, आणि जो मॉड ज्याच्यावर टेकलेला तो त्याच्या सोबतच ठेवायचा, नाहीतर गेम दुसऱ्याच कारणाने पडते. सातव्या फेरीला दोषी सापडला. नंतर प्रोजेक्टचा प्रोग्रॅम अडला तेव्हा तिने हाच मार्ग धरला, असं तिनेच सांगितलं.

गुरुजींना मला हे दाखवायचंय. ही पोरगी पानंच्या पानं इंग्रजी वाचते, कारण मॉडच्या माहितीत 'आधी हे हवं' असं लिहिलेलं असतं आणि ते न वाचता जोडलं की हमखास फसतं. आवृत्ती जुळते का ते बघते. बरेच मॉड ज्यावर उभे असतात तो स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाचा पाया तर गेमच्या नेमक्या आवृत्तीचाच लागतो, गेमने परस्पर अपडेट घेतली की वरचं सगळं खाली येतं. आणि दुसऱ्याचं काम वापरायचं तर त्याची परवानगी बघते. प्रत्येक मॉडच्या पानावर बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, माझ्या फाईली तुमच्या मॉडमध्ये घ्यायच्या की नाही, नाव द्यायचं की नाही. कॉलेजातले अहवाल इथून-तिथून उतरवणाऱ्या पोरांना ही सवय कोण लावतं?

पैशांचाही विषय एकदा झाला. एप्रिल 2015 मध्ये मॉड विकत द्यायची सोय निघाली, त्यात बनवणाऱ्याच्या हाती किमतीच्या 25 टक्के पडणार होते. लोकांनी एवढा गोंधळ केला की चार दिवसांत ती मागे घ्यावी लागली. फुकट असावं की विकत, यावर दोन मतं असू शकतात. पण केळी कापणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात शेवटी काय पडतं ते रोज ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला तो 25 चा आकडा खटकला.

आणि हा केवळ रिकामा छंद नाही. ऑस्ट्रेलियातल्या निक पिअर्स नावाच्या वकिलाने स्कायरिमसाठी एका विसरलेल्या शहराची गोष्ट मॉड म्हणून लिहिली. 2016 मध्ये तिला तिथल्या लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला, आणि 2021 मध्ये त्याने तीच गोष्ट स्वतंत्र गेम करून बाजारात आणली. प्रत्येक पोर तिथवर जाणार नाही. माझ्याकडे शिकलेल्या सगळ्यांनी तरी कुठे दुकानं काढली? पण हात बसला तो बसला.

पालकांना एक विनंती आहे. पोरगा कॉम्प्युटरपुढे दिसला की वायर उपटू नका. शेजारी बसा आणि विचारा, खेळतोयस की काही बदलतोयस? बदलत असेल तर काय बदललं ते दाखवायला लावा. गेम मात्र विकतचीच घ्या, सवलतीत ती स्वस्तात मिळते. पेनड्राइव्हवर फुकट भरून देणाऱ्यांकडून घेतलेल्या गेमवर हे काम नीट होत नाही, आणि सोबत व्हायरस येतो तो वेगळा. मॉडच्या साइटवर प्रौढांसाठीच्याही गोष्टी असतात. खात्याच्या सेटिंगमध्ये त्या बंद करता येतात, ते स्वतः बसून करा. आपल्या विद्यार्थी पुरवणीत या कामाची माहिती सोप्या मराठीत क्रमाने द्यावी, ही आपल्याला विनंती. लिहायला माझी मुलगी तयार आहे.

सध्या आमचं एक काम अडलंय. आम्ही दोघांनी मिळून एक छोटा मॉड केला. गेममधल्या एका सराईत मिळणाऱ्या पावाचं नाव बदलून 'कळण्याची भाकरी' केलं, शेवेच्या भाजीचंही ठरलंय. पण देवनागरीत लिहिलं की पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन येतात, कारण गेमच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरंच नाहीत. ही गेम रशियन, जपानी भाषेत मिळते, आपल्या देशातल्या एकाही भाषेत नाही. फॉन्टची फाईल वेगळी असते आणि ती बदलता येते, एवढं आम्हाला कळलंय. देवनागरी त्यात कशी बसवायची ते जमत नाही, रोमन अक्षरांत तेवढं भागवलंय. खान्देशात किंवा बाहेर कोणाला हे काम येत असेल तर त्याने आपल्या दैनिकामार्फत कळवावं. भाषांतराच्या ओळी आम्ही लिहून ठेवल्यात, मराठीत बेचाळीस आणि अहिराणीत एकोणीस, त्याच वहीच्या मागच्या पानांवर.

आपला,
एक मोटर रिवाइंडर,
चोपडा, जि. जळगाव