दवाखाना घेण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची यंत्रांची यादी मिळाली. मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून खेड्यातला दोन खोल्यांचा दवाखाना चालवायला घ्यायचे तू जवळजवळ ठरवलेच आहेस. अशाच एका दवाखान्याचा जुना रुग्ण म्हणून त्या यादीत काय कमी आहे ते मी सांगावे, एवढीच तुझी अपेक्षा. यादी चांगली आहे. पण स्वतःचा रक्तदाब आणि आईचा मधुमेह सांभाळत इतकी वर्षे बाहेरच्या बाकावर बसून जे कानांवर पडले, त्यात यंत्रांचा उल्लेख क्वचितच होता. माणसे बोलतात ती वेगळ्याच गोष्टींबद्दल, आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुझ्यासारख्या हुशार डॉक्टराला कदाचित थोडी लागेल. तिथे कोण किती बरे झाले यावरून लोक लहान दवाखान्याचे माप काढतात हे खरे. पण ‘हे माझ्या हातातले नाही, पुढे जा’ असे डॉक्टरांनी केव्हा आणि कोणत्या रीतीने सांगितले, यावरून त्याहून अधिक काढतात.

तिथे पोहोचण्याआधी दाराबद्दल लिहितो, कारण पहिली तक्रार दाराचीच असते. खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याने त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते, सोबतीला आणखी एकाला आणलेले असते आणि परतीच्या गाडीची वेळ मनात धरलेली असते. असा माणूस कुलूप पाहून परत फिरला की आजार वाढेपर्यंत पुन्हा येत नाही. दवाखाना आठवड्यातून मोजकेच दिवस उघडा असला तरी लोकांची हरकत नसते. मात्र जे दिवस आणि ज्या वेळा फळ्यावर लिहिल्या आहेत त्या पाळल्या जाव्यात, आणि पाळता येणार नसतील तर आदल्या संध्याकाळी तसा निरोप गावात फिरावा, एवढी माफक अपेक्षा असते. मोठ्या रुग्णालयात एक डॉक्टर रजेवर गेला तर दुसरा असतो, आणि तुझ्याकडे तू एकटाच असशील, हे नोकरीच्या सवयीत तू विसरशील अशी मला धास्ती वाटते.

दुसरी गोष्ट ऐकून घेण्याची. डॉक्टर रुग्णाला पहिल्यांदा किती वेळाने अडवतात याची अमेरिकेत मोजदाद झाली होती; 1984 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी 18 सेकंद भरली. याउलट स्वित्झर्लंडमधल्या एका बाह्यरुग्ण विभागात रुग्णांना मुद्दाम न अडवता बोलू दिले, तेव्हा ते सरासरी 92 सेकंदांत आपणहून थांबले, आणि दोन मिनिटांत बोलणे संपवणारे तीन-चतुर्थांशांहून अधिक निघाले; तो अभ्यास 2002 सालचा. म्हणजे ज्या पाल्हाळाला तुम्ही मंडळी भिता, ते फार लांबत नाही. खेड्यातला माणूस मात्र मुख्य गोष्ट शेवटी सांगतो. माझी आई एकदा गुडघ्याचे दुखणे घेऊन गेली, सगळे बोलणे गुडघ्याचेच झाले, औषधाची चिठ्ठी हातात पडली आणि उंबरठ्याशी चप्पल पायात सरकवताना ती सहज म्हणाली, "आडवं पडलं की हल्ली दम कोंडतो, म्हणून बसूनच झोपते." डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला हाताने थांबवले आणि आईला परत खुर्चीत बसवले. उशाशी किती उशा घेता, रात्री खोकला येतो का, असे दोन-तीन प्रश्न विचारून त्यांनी तिच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलल्यावर तिथे उमटलेला खळगा बराच वेळ तसाच राहिला. तो मलाही दाखवून ते म्हणाले, की हे दुखणे गुडघ्याचे नसून हृदयाचे असू शकते आणि त्याची तपासणी इथे होणार नाही. गुडघ्यासाठी आलेली बाई त्या दिवशी योग्य जागी पोहोचली, ती केवळ उंबरठ्यावरचे वाक्य कुणीतरी ऐकले म्हणून.

एकाच डॉक्टराकडे वर्षानुवर्षे जाण्याचे महत्त्व तुला वेगळे सांगायला नको, तरी एक आकडा देतो. नॉर्वेत सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. तिथे एकाच कुटुंबडॉक्टराशी पंधरा वर्षांहून अधिक काळ जोडलेल्यांमध्ये, जेमतेम वर्षभर जोडलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. तातडीने रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाणही तसेच घटलेले होते. त्या सगळ्याचे श्रेय ओळखीलाच द्यावे असे मी म्हणणार नाही. पण माझा रक्तदाब दरवेळी कसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो एका वाढलेल्या आकड्याने घाबरून गोळी वाढवत नाही. चढण चढून धापा टाकत आलेल्या माणसाला तो आधी पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसवतो आणि मग पट्टा बांधतो, हे मी स्वतः अनुभवले आहे.

या ओळखीला दुसरी बाजू आहे, आणि ती डॉक्टरांना सहसा दिसत नाही, कारण ते पडद्याच्या आत बसलेले असतात. बाहेर कंपाउंडर मोठ्याने हाक मारतो, "शुगरवाले पुढे या," आणि सगळा बाक वळून पाहतो. मधुमेहाचे एक वेळ ठीक आहे. पण क्षयाची शंका असलेला तरुण, पाळणा लांबवण्याविषयी विचारायला आलेली सून, झोप उडालेला आणि जीव नकोसा झालेला बाप्या, यांच्यासाठी तो बाक म्हणजे गावची चावडीच. अशी माणसे ओळखीचा दवाखाना टाळून लांब, जिथे कुणी ओळखत नाही तिथे जातात, किंवा कुठेच जात नाहीत. तुझ्या यादीत भिंतीवर लावायचा मोठा दूरचित्रवाणी संच आहे. त्याऐवजी आतल्या खोलीला नीट बंद होणारे दार बसव आणि कंपाउंडरला आजाराच्या नावाने हाक मारायची नाही हे पहिल्या दिवशी बजाव. (संच ठेवलासच तर त्याचा आवाज निदान आतले बोलणे झाकण्यापुरता उपयोगी पडेल.)

आता सुईबद्दल. ती मागितली जाणारच, आणि अशक्तपणासाठी सलाईनही मागितले जाणार. सरसकट हो म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि अज्ञानी म्हणून झिडकारणारेही पाहिले आहेत. दोघांपैकी कुणाबद्दलही बाकावर आदराने बोलले जात नाही. आमच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना बाटलीवरचे लेबल वाचून दाखवले होते: पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर ग्लुकोजमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. "ही तोंडाने घेतली तरी पोटातून रक्तातच जाते," एवढेच ते म्हणाले. गृहस्थ हसले आणि घरी गेले. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावले आणि तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला, ही गोष्टही ते अधूनमधून सांगत. कारण सांगितले की नकार पचतो, एवढे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडचा एक शेजारी सकाळी छातीत जळजळते म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात गेला. तिथे त्याला आम्लपित्ताचे इंजेक्शन दिले, सलाईन लावले आणि ‘बघू, थांबा जरा’ असे म्हणत दुपार उलटू दिली. दिवेलागणीला तो घामाने निथळू लागला, तेव्हा एकदम धावपळ सुरू झाली आणि नातेवाइकांना दोनच शब्द ऐकू आले: "पेशंट हलवा." कुठे न्यायचे, कशासाठी न्यायचे, दिवसभरात काय टोचले, हे कुणीच सांगितले नाही. मोठ्या रुग्णालयाच्या दारात त्याच्या मुलाला पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच, की दुखणे कधी सुरू झाले आणि आतापर्यंत काय दिले. आणि त्याच्याकडे सांगायला काही नव्हते. माणूस वाचला, हृदय मात्र दुबळे झाले. त्या दवाखान्यात ईसीजीचे यंत्र होते, हे तुला मुद्दाम सांगतो. गावात कुणी निदान चुकल्याचा राग धरला नाही; दुखणे कुणालाही चकवू शकते, एवढी समज लोकांना असते. राग आहे तो दिवसभर थांबवून ठेवल्याचा, आणि शेवटी अंगावरची माशी झटकावी तसे झटकल्याचा.

आईला पाठवले तेव्हा याच्या अगदी उलट घडले. डॉक्टरांनी आमच्यादेखत पुढच्या डॉक्टरांना फोन केला. एका कागदावर वेळ, नाडी, रक्तदाब, पायावरची सूज, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे, त्या दिवशी दिलेले औषध आणि मनातली शंका हे सगळे वाचता येईल अशा अक्षरात लिहिले आणि तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला, म्हणजे चिठ्ठी हरवली तरी मला तोंडी सांगता येईल. वाटेत दम वाढला तर तिला आडवे न करता बसते ठेवा, हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चौकशीचा फोन केला. त्या फोनला दोन मिनिटे लागली असतील. आमचे घर तो अजून विसरलेले नाही.

तू म्हणशील, की हे तर कोणताही शहाणा डॉक्टर करतो. करत असेल, पण ते गर्दीच्या वेळी घडावे यासाठी आधी ठरवून ठेवावे लागते. पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून ‘माणूस शेवटचा धडधाकट कधी पाहिला’ ही वेळ चिठ्ठीत असलीच पाहिजे. ती नसेल तर पुढचा डॉक्टर हात बांधल्यासारखा होतो. सर्पदंशात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग कलती करून पाहायची. रक्त गोठले नाही, तर विष रक्तात भिनल्याची ती खूण. त्याला नळी आणि घड्याळ एवढेच लागते, आणि असा दवाखाना रुग्णाच्या आधी पुढच्या ठिकाणी बातमी पोहोचवू शकतो. तुझे ईसीजी यंत्र मी याच कारणासाठी यादीत राहू दिले आहे: ते उपचारापेक्षा पाठवण्याचा निर्णय लवकर व्हावा यासाठी घे.

पाठवलेला रुग्ण परत येतो, हेही लक्षात ठेव. मोठ्या रुग्णालयातून सुटलेला माणूस जाडजूड फाइल आणि गोळ्यांची पिशवी घेऊन लहान दवाखान्यात येतो तो तपासून घेण्यासाठी नव्हे, तर त्या कागदांत काय लिहिले आहे ते समजून घेण्यासाठी. आई घरी आल्यावर तिला उठताना अंधारी येऊ लागली. डॉक्टरांनी सगळी पिशवी टेबलावर ओतली, एकेक पट्टी उलटून चष्मा कपाळावर सारत मागची बारीक अक्षरे वाचली आणि दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. नावे निराळी, रंग निराळे, आतले औषध एकच: एक पट्टी आधीपासून चालू असलेली, दुसरी रुग्णालयाने नव्याने दिलेली, आणि आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती. त्यांनी मोठ्या रुग्णालयाला नावे ठेवली नाहीत, फोनवरून खात्री करून घेतली आणि एक पट्टी बंद केली. अंधारी थांबली. हे काम करायला मोठ्या ठिकाणी कुणाला सवड नसते, आणि लहान दवाखान्याचा खरा मान मला तरी याच कामात दिसतो.

तेव्हा यादीतून सोनोग्राफीचे यंत्र तूर्त वगळ. ते चालवायला शिकलेला माणूस तुझ्याजवळ नाही. त्याऐवजी प्रत निघेल अशी चिठ्ठ्यांची वही छापून घे, रुग्णवाहिका चालवणाऱ्यांचे आणि पुढच्या दोन-तीन रुग्णालयांचे क्रमांक भिंतीवर लाव, आणि रुजू होण्याआधी त्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना एकदा समक्ष भेटून ये. आईच्या वेळची ती चिठ्ठी माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. तिची छायाप्रत या पत्रासोबत पाठवत आहे. वहीचा नमुना करताना तिच्यातले रकाने तुला उपयोगी पडतील, फक्त ‘शेवटचा धडधाकट कधी पाहिला’ हा रकाना तिच्यात नाही, तो तू घाल.

घरी सर्वांस यथायोग्य नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मित्र