ट्रकवाली बाई 'गमतीदार' नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, लहानपणीच्या गाण्यांच्या व्हिडिओंवरचा लेख वाचला. (आमच्याकडे सोमवारी. त्याबद्दल खाली लिहितेच.) 'मेड इन इंडिया'त खोक्यातून निघणाऱ्या मिलिंद सोमणवर दोन परिच्छेद, १९९८ च्या 'तुनक तुनक तुन'च्या व्हिडिओतल्या चार दलेर मेहंदींना अर्धं पान. सुंदर पोरींमुळे दलेर मेहंदींची गाणी चालतात म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून ते चारही जागी स्वतःच नाचले, हे मला माहीत नव्हतं, आभारी आहे. आणि शुभा मुद्गलांचं 'मन के मंजीरे'? 'ट्रक चालवणाऱ्या बाईचं गमतीदार गाणं.' झालं, संपलं.

'आपण सगळे म्युझिक चॅनल बघतच मोठे झालो' म्हणे. आम्ही लाइन असली तर दूरदर्शन बघत मोठे झालो, तेही एक जण कवेलूंवर चढून अँटेना फिरवत असताना. केबल होती ती दारव्ह्याला मामाकडे. दिवाळीच्या सुट्टीत तिथेच मी ते गाणं पाहिलं. चौथी-पाचवीत असेन. त्यात नटी मीता वशिष्ठ ट्रक चालवते याचंच मला अप्रूप. आजी म्हणाली, "हिच्या नवऱ्यानं कसं जाऊ देलं वं हिले?" मावशी सरकी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिनं इचारलंच नसन." सगळे हसले. मीही हसले.

मावशी तेव्हा दीड वर्षापासून माहेरीच होती. का, ते आम्हा पोरांना कोणी सांगितलं नव्हतं. रोज लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची.

ते गाणं 'ब्रेकथ्रू' या संस्थेनं घरातल्या मारहाणीविरुद्ध केलं होतं. नवऱ्याचा जाच सोडून ट्रक चालवायला लागलेल्या एका खऱ्या बाईवरून ते सुचलं. हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. माझं एक वेळ ठीक, मी पोरगी होते. तुमच्या लेखकानं तर 'मोठेपणीच्या नजरेतून' असा मथळा दिलाय! कोणत्या नजरेतून पाहिलं म्हणे?

मावशी पुढच्या पोळ्याआधी परत गेली. चार माणसं बसली, मावसाजींनी कबूल केलं, तिची पेटी एसटीवर चढवली. काय कबूल केलं, कुणास ठाऊक. मागच्या महिन्यात तिला मोबाइलवर ते गाणं दाखवलं. शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंग थे बाई रायते कोठी?" मला सांगता आलं नाही.

आता पुरवणीचं. रविवारची पुरवणी सोमवारी दुपारच्या एसटीनं येते, कधी येतच नाही, पैसे मात्र पुरवणीसकट घेतले जातात. एजंट म्हणतो, वरूनच येत नाही. वर म्हणजे तुम्हीच ना?

आपली,
एक वर्गणीदार
ता. आर्णी, जि. यवतमाळ