राज्यकारभाराला देवाचे नाव कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘अमेरिकेच्या नोटेवर देवाचे नाव चालते, मग आपल्या सरकारी कचेऱ्यांनीच का लाजावे?’ असा युक्तिवाद आपल्या सीमाभागात वरचेवर ऐकू येतो. अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरता द्यावा. ‘ईश्वरावर आमची श्रद्धा आहे’ या आशयाचे वाक्य तिथल्या नाण्यावर आले ते १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत. आणि राष्ट्रीय बोधवाक्य म्हणून त्याच्यावर शिक्कामोर्तब झाले ते १९५६ मध्ये, निरीश्वरवादी सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध चालू असताना. त्याविरुद्ध दाद मागण्यात आली तेव्हा १९७० मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने ते टिकवले खरे, पण हे वाक्य केवळ औपचारिक आणि देशभक्तिपर आहे, असे सांगून! भाविकाने यात आनंद मानावा की खेद? अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तर १९०७ मध्येच नाण्यावर देवाचे नाव घालणे हा जवळजवळ पावित्र्यभंगच असल्याचे म्हटले होते आणि सोन्याच्या नव्या नाण्यांवरून ते वाक्य वगळले होते. अर्थात, तिथल्या काँग्रेसने पुढच्याच वर्षी कायदा करून ते परत आणले.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक उघडपणे हाताळला गेला. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सदस्य ह. वि. कामत यांनी राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ व्हावी अशी दुरुस्ती घटना समितीत मांडली आणि ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. श्रद्धेचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेनेच एक श्रद्धा सर्वांवर लादू नये, हे समितीचे दुसरे सदस्य हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते. शपथेबाबतही घटनेने ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवले. ‘सत्यमेव जयते’ मुंडकोपनिषदातले असले, तरी ते कोणाकडून कुठल्या देवाची कबुली मागत नाही.

आपल्या कर्नाटक राज्यात मात्र बेंगळुरूच्या विधानसौधावर, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीवर, ‘सरकारी काम हे देवाचे काम’ असे कोरलेले आहे. हेतू चांगला असेल. पण देवाच्या कामाबद्दल तक्रार कोणाकडे करायची? आमच्या भागातील एका कचेरीत खंडेनवमीला संगणकांना हळद-कुंकू लागते, तसबिरीला वर्षभर हार असतो, आणि त्या तसबिरीखाली उताऱ्यासाठी ताटकळणाऱ्या मराठी शेतकऱ्याच्या हाती केवळ कन्नडमधला अर्ज ठेवला जातो. मी स्वतः माळकरी आहे, पंढरीची वारी करतो. म्हणूनच माझ्या विठ्ठलाला अशा कारभाराचा जामीन ठेवलेले मला खपत नाही. शिवाय, भाषेने अल्पसंख्य असलेल्या आपण सीमावासीयांनी सरकारकडे भाषेच्या बाबतीत निःपक्षपात मागायचा आणि धर्माच्या बाबतीत मात्र पक्षपातावर खूश व्हायचे, हे न शोभणारे आहे.

ज्यांना पूजा करायची आहे त्यांनी ती घरी, देवळात अवश्य करावी. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर मात्र तसबिरींच्या जागी घटनेची उद्देशिका कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लावावी, अशी विनंती आपल्या पत्राद्वारे जिल्हा प्रशासनाला करीत आहे.

आपला,
एक वारकरी वाचक, खानापूर (जि. बेळगाव)