बातमी सोडली, सातबारा धरला

कोथरूड, पुणे

प्रिय मंजू,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो रागाने नाही, एका खरेदीखताच्या गडबडीत होते. "एवढी वर्षं पेपरात महापालिकेच्या बातम्यांचं बीट केलंस आणि शेवटी घरांची एजंट झालीस?" असं विचारलंस. आपल्या दोघींत एवढं चालतं. पण एजंट दुसऱ्याचा व्यवहार जुळवून दलाली घेतो. मी माझा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि वहिनीचे थोडे पैसे घालून जुने फ्लॅट घेते, दुरुस्त करते, भाड्याने देते, एखादा विकते. बुडाले तर आमचेच बुडतील.

पेपर का सोडला ते तुला ठाऊक आहे. डेस्क निम्मं झालं. उरलेल्यांनी बातमी लिहायची, व्हिडिओ काढायचा, वर वास्तू पुरवणीच्या जाहिरातींसाठी बिल्डरांना फोनही करायचे. म्हटलं, बिल्डरकडे जायचंच असेल तर गिऱ्हाईक म्हणून जावं, निदान उलट प्रश्न तरी विचारता येतात.

आणि खरं सांगू, प्रश्न तेच आहेत. आपल्याच पेपरात आतल्या पानावर बारीक टाइपात वकिलांच्या जाहीर नोटिसा यायच्या, आठवतात? अमुक मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास 15 दिवसांत कळवावे. तेव्हा मी त्या पानाला कधी हात लावला नव्हता. आता सकाळी चहाबरोबर तेच पान आधी. कुठल्या पेठेतला वाडा निघाला, कुठल्या भावाने हरकत घेतली, सगळं तिथे असतं.

सातबारा तर मला फार आवडतो. वर मालकीचा गाव नमुना 7, खाली पिकांचा 12. सगळे मालकाचं नाव बघतात. मी आधी 'इतर हक्क' बघते. कुळाचं नाव, गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बहिणींचा राहिलेला हिस्सा तिथेच दडलेला असतो. मग एकेक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, काढून मागे जायचं, नोंदवलेल्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च घ्यायचा. 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं की थांबायचं, कारण ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. तोंडी कोणी काही सांगितलं तरी कागद मागायचा, ही सवय मुख्य वार्ताहरांनी शिव्या घालून लावली होती. आता तिचे पैसे होतात.

गंमत बघ, 1987 च्या विकास आराखड्यातल्या वर्तुळाकार रस्त्याच्या, त्या एचसीएमटीआरच्या, बातम्या मी जन्मभर लिहिल्या. रस्ता अजून कागदावरच आहे. मागे एरंडवण्यात एक स्वस्त फ्लॅट दाखवला तेव्हा मी किंमत विचारायच्या आधी झोन दाखला, म्हणजे जागेवर रस्ता किंवा आरक्षण आहे का ते सांगणारा कागद, मागितला, तर समोरच्याचा चेहराच उतरला.

पैशाचं विचारलंस म्हणून सांगते. भाड्यावर श्रीमंत होता येत नाही. 60 लाखांच्या फ्लॅटला 17 हजार भाडं धर. वर्षाचे दोन लाख. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, रंगरंगोटी, मधला रिकामा महिना, आणि मिळकतकर, कारण स्वतः राहणाऱ्याला महापालिका देते ती 40 टक्के सवलत भाडेकरू आला की जाते. हाती अडीच टक्केही उरत नाहीत. बँकेची ठेव बरी. खरेदीला मुद्रांक शुल्क पुण्यात 7 टक्के, घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी (म्हणून सगळं आम्हा नणंदा-भावजयींपैकी एकीच्या नावावर!), नोंदणीचे 30 हजार वेगळे. तेव्हा कमाई होते ती घेतानाच, ज्या घराला इतर लोक घाबरतात ते नीट वाचून घेतलं तर. कन्व्हेयन्स न झालेल्या जुन्या सोसायट्यांचंच बघ. इमारत सभासदांची, पण खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर, म्हणून पुनर्विकास अडतो आणि फ्लॅट स्वस्त मिळतो. मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करायला सोसायटीतले आजोबा तयार असतील तर मी घेते. आजोबा भांडकुदळ असतील तर आणखीच बरं, ते पाठपुरावा सोडत नाहीत.

एका गोष्टीशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. बातमी कळली की सांगायची, हा आपला धर्म. इथे कळलं की गप्प बसायचं. उपनगरात एका इमारतीला भोगवटापत्र, म्हणजे राहायला जायची महापालिकेची परवानगी, नाही, टँकरवर पाणी चालू आहे, आणि फ्लॅट राजरोस विकले जाताहेत. मी कागद बघितले आणि विसार न देता परत आले. पूर्वी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर घेतलं असतं. माझ्या जुन्या बीटवर आता असलेल्या वार्ताहर मुलाला मी फोन केला, त्याने "ताई, ते आपले जाहिरातदार आहेत" म्हणून विषय बदलला. कागद बघून निघाले तेव्हा माझ्या मागे जिन्यात एक तरुण जोडपं उभं होतं, त्यांना मी तिथेच सांगितलं. एजंट अजून माझ्याशी बोलत नाही. बाकी किती जणांनी घेतले कोण जाणे.

आणि त्या वार्ताहर मुलाकडून पालिकेतलं आतलं काही घ्यायचं नाही, हेही ठरवलंय. रस्ता कुठून जाणार, आरक्षण कुठलं उठणार, हे हरकती-सूचनांसाठी जाहीर झाल्यावरच मला कळलं तरी चालेल. वहिनी म्हणते, अशाने धंदा व्हायचा नाही. होईल तेवढा होईल.

तू नोकरी सोडू की नको विचारतेस. वर्षभराचा घरखर्च बाजूला काढला असशील तरच विचार कर. पगाराची स्लिप गेली की बँकेचा माणूस आपल्याला खुर्चीसुद्धा देत नाही.

तुझ्या सासऱ्यांच्या मिरजेच्या जागेचं लिहिलंयस, दिराने हक्कसोडपत्र केलं म्हणून. ते नोंदवलेलं आहे की नुसतं स्टॅम्पपेपरवर, हे आधी बघ. नोंदवलेलं नसेल तर विसार घेऊ नकोस. सातबारा आणि सगळे फेरफार कुरिअरने पाठव. मोबाईलवरचे फोटो नकोत, त्यात खालचे शेरे वाचता येत नाहीत.

तुझी,
शुभा