शिबिरानंतरच्या कामासाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आणि त्यानंतरचा पाठपुरावा, या विषयावरचा अभ्यास आमच्या आरोग्य समितीने हाती घेतला आहे. त्यासाठी पैसे हवेत. माणसे तर त्याहून जास्त हवीत.

शिबिरासाठी देणग्या मिळतात. पण रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेली बाई पुढच्या तपासणीला आलीच नाही, तर शिबिराचा उपयोग काय?

हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. पेशी बिघडायला लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण १५ ते २० वर्षे जातात. इतका अवधी फार थोडे आजार देतात. तपासणीही अवघड नाही. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबले, की बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर मऊ ब्रशने बाईला स्वतःलाही घेता येतो.

उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. दोष आढळलेल्यांना पुढचे निदान आणि उपचार मिळाले, म्हणून हे घडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या धोरणातही ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि आजार आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार असे उद्दिष्ट आहे. आमच्या मते यातला दुसरा आकडा गाठणे जास्त कठीण.

पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. पण घाबरलेल्या बाईला हे कागदावरून कळत नाही. कुणाची मजुरी बुडते, कुणाचे मूल सांभाळायला घरात कोणी नसते, कुणी घरी सांगितलेलेच नसते. ही कारणे आम्हाला त्यांच्याच शब्दांत नोंदवायची आहेत आणि त्यातली कोणती अडचण दूर केल्यावर बाया उपचारापर्यंत पोहोचतात, ते तपासायचे आहे.

देणगीतून प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि चाचण्यांचा खर्च भागवला जाईल. चाचणीची किट किंवा औषधे विकणाऱ्या कंपन्यांकडून आम्ही पैसे घेणार नाही.

फोन करणाऱ्या, दवाखान्यात सोबत जाणाऱ्या, तेवढा वेळ मूल सांभाळणाऱ्या स्वयंसेविका हव्यात. ऐकलेले स्वतःजवळच ठेवता येणे, ही एकच अट. प्रत्येकीची संमती घेऊनच तिला अभ्यासात घेतले जाईल आणि नाव कुठेही येणार नाही.

ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्यांनाही एक विनंती. शक्य असेल तर अभ्यासात राहा, आमचे फोन घ्या. तुमची पुढची माहिती मिळाली नाही, तर चाचणीच्या नजरेतून काय निसटले ते कधीच कळणार नाही.

देणगी धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी, पावती मिळेल. वेळ देऊ शकणाऱ्यांनी आठवड्यातली कोणती दुपार मोकळी असते, ते समितीच्या कार्यालयात कळवावे.