इनटेकच्या प्रात्यक्षिक संचात पिटो रेक आणि व्होर्टेक्स जनरेटर न मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी राजारामपुरीत अभियांत्रिकीच्या मुलांचे खासगी वर्ग घेतो, त्यावरच माझे घर चालते. तुमच्या कंपनीकडून जेट इंजिनाच्या इनटेकचा, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीचा, प्रात्यक्षिक संच मागवला. माहितीपत्रकात एक सरळ नळी, एक एस आकाराची नळी, टोकाशी बसवायचा पिटो नळ्यांचा रेक (प्रवाहाकडे तोंड करून जागोजागी दाब मोजणाऱ्या बारीक नळ्यांची चौकट) आणि व्होर्टेक्स जनरेटरची पट्टी (भिंतीलगत छोटे भोवरे उठवून मंद हवेला वेग देणारी बारीक पाती) असे स्पष्ट छापले आहे. पेटीत नळ्या, ब्लोअर आणि दाब मोजायचा मॅनोमीटर निघाले. रेक नाही, पट्टीही नाही. रेकच्या जागी नळीच्या भिंतीला चार भोके आहेत. फोन केला तर तुमचे तंत्रज्ञ म्हणाले, "सरासरी दाब कळतो, मुलांना तेवढं पुरे."

तेवढे पुरत नाही, आणि खरी तक्रार इथेच आहे. पंचगंगेच्या वळणावर गाळ आतल्या काठाला साचतो, हे इथल्या मुलांनी लहानपणापासून पाहिले आहे. वळणावर बाहेरच्या बाजूला दाब वाढतो, तळाचे संथ पाणी त्यापुढे टिकत नाही आणि गाळासकट आत सरकते. एस नळीत भिंतीलगतची मंद हवा नेमकी अशीच आतल्या बाजूला गोळा होते, भोवऱ्यांची जोडी तयार होते आणि वळण तीव्र असेल तर प्रवाह भिंत सोडतो. इंजिनाच्या तोंडाशी मग एका भागात जोरदार हवा आणि दुसऱ्या भागात मरगळलेली हवा पोहोचते.

इंजिनाच्या तोंडाशी हवा दाबणारा कॉम्प्रेसर असतो. त्याचे पाते फिरत फिरत त्या मंद पट्ट्यात शिरते, तेव्हा समोरून येणाऱ्या हवेचा वेग कमी आणि पात्याचा वेग तोच, म्हणून हवा पात्यावर जास्त तिरकी आदळते. कोन मर्यादेबाहेर गेला की पाते स्टॉल होते, म्हणजे हवा पात्याला धरून वाहत नाही. हे पसरले तर सर्ज होतो: दाबलेली हवा उलटी पुढे फुटते, मोठा आवाज होतो, कधी ज्वाळाही दिसतात. सर्ज झाला नाही तरी पात्याला प्रत्येक फेऱ्यात हादरा बसतोच. मिनिटाला १०,००० फेरे धरले तर सेकंदाला १६० हून अधिक हादरे, आणि त्यातून धातू थकतो. दोन नळ्यांचा सरासरी दाब सारखाच असेल, तरी एकीवर इंजिन शांत चालेल आणि दुसरीवर सर्ज होईल. सरासरीत हा फरक दिसतच नाही. शिवाय भिंतीवरच्या भोकांतून फक्त स्थितिक दाब मिळतो, त्यात हवेच्या वेगाचा वाटा नसतो; तो धरून एकूण दाब मोजायला प्रवाहाकडे तोंड केलेली नळीच लागते. प्रत्यक्ष चाचण्यांत इंजिनाच्या तोंडाशी सहसा आठ भुजांवर पाच-पाच, अशा ४० नळ्या बसवतात, त्या याचसाठी.

बोइंग ७२७ चे मधले इंजिन एस नळीतून हवा घेते. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्याच्या पहिल्याच उड्डाणात त्या इंजिनात सर्ज झाला. उपाय म्हणून नळीच्या पहिल्या वळणाच्या आतल्या बाजूला व्होर्टेक्स जनरेटर बसवले गेले. तुम्ही गाळलेली पट्टी म्हणजे हाच उपाय आहे! तो नाही म्हटल्यावर मुलांना रोग दाखवता येईल, इलाज नाही.

संचासोबतच्या पुस्तिकेबद्दलही सांगायलाच हवे. तिच्यात वळण हा "आराखड्यातील दोष" म्हटला आहे. हे चूक आहे. लॉकहीडच्या ट्रायस्टार या तीन इंजिनांच्या प्रवासी विमानात मधले इंजिन शेपटीत खाली बसावे म्हणून वळण घेतले. आपल्या तेजसमध्ये दोन्ही बाजूंच्या वाकड्या नळ्या एकत्र येतात आणि कॉम्प्रेसरची पाती समोरून येणाऱ्या रडारपासून बरीच झाकली जातात. अभियंते ही किंमत जाणूनबुजून मोजतात, आणि ती किती, हे मोजायला शिकवणे हाच या संचाचा उद्देश.

मी नळीच्या टोकाशी लोकरीचे धागे चिकटवून पाहिले. एका बाजूचे धागे पीळ घेत उलटे फडफडतात. म्हणजे तुमची नळी चांगली आहे, आकार बरोबर आहे. मोजायचे साधन तेवढे दिलेले नाही. रेक काही अवघड वस्तू नाही, बारीक पितळी नळ्यांचे काम उद्यमनगरात सहज करून मिळेल. पण त्याचे पैसे मी तुम्हाला आधीच दिले आहेत.

रेक, पट्टी आणि दुरुस्त केलेली पुस्तिका पंधरा दिवसांत पाठवावी. ते जमत नसेल तर संच स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. दोन्ही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. बिलाची व माहितीपत्रकाची प्रत आणि धाग्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
(सही)
राजारामपुरी, कोल्हापूर