माळ्यावरचं व्हायोलिन खाली काढा: बडोदेकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या कला केंद्रात गाणं, तबला, कथक यांचे वर्ग वर्षानुवर्षं चालू आहेत. बडोद्यात त्यांची फारशी चिंता करावी लागत नाही. हे आवाहन पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या वर्गासाठी आहे. तिथली अडचण वेगळीच आहे. शिकायला मुलं येतात, पण त्यांच्या हातात द्यायला वाद्यं नाहीत.

व्हायोलिनचंच घ्या. मोठ्या माणसाचं व्हायोलिन आठ वर्षांच्या मुलाला देता येत नाही. हात पुरत नाही, मग खांदा वर चढतो, मनगट आत मोडतं, आणि एकदा लागलेली ही खोड पुढे कोणत्याही गुरूला काढता येत नाही. म्हणून या वाद्यात पाव, अर्धं, पाऊण अशी मापं असतात. शाळेच्या बुटांसारखं हे माप वर्ष-दोन वर्षांत लहान होतं. मग वाद्य पेटीत जातं आणि पेटी माळ्यावर. बडोद्यातल्या कितीतरी घरांत अशी पेटी असणार, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. ती खाली काढा. तारा तुटल्या असतील, तारांखालची घोडी पडली असेल, गजाचे केस झडले असतील, तरी चालेल. ते सगळं दुरुस्त होतं. लाकडाला लांब चीर गेली असेल तर मात्र आधी फोटो पाठवा, कारण ती दुरुस्ती कधी कधी नव्या वाद्याहून महाग पडते. तुम्ही दिलेलं वाद्य एका मुलाचं माप संपलं की पुढच्या मुलाकडे जाईल. कोणालाही कायमचं दिलं जाणार नाही.

केंद्रात व्हायोलिनं आधीपासून आहेत, मग नवी कशाला, असंही काहींनी विचारलं. ती हिंदुस्तानी वर्गाची आहेत. तिथे विद्यार्थी मांडी घालून, वाद्याचं डोकं पावलाजवळ टेकवून वाजवतो आणि तारा सा-प मध्ये मिळवतो. इकडे उभं राहून, हनुवटीखाली धरून वाजवायचं, आणि चार तारांचे सूर जगभर ठरलेले. रोज खुंट्या पिळून एकच वाद्य दोन्हीकडे फिरवलं तर तारा टिकत नाहीत आणि शिक्षकांचा संयमही.

पियानोची गोष्ट खर्चिक आहे. एका कुटुंबानं प्रेमानं दिलेला उभा पियानो आपल्याकडे आहे. त्यात दोनशेहून जास्त तारा असतात आणि सगळ्यांची मिळून ओढ काही टनांची. मे महिन्यात लाकूड सुकतं, सूर उतरतात. पावसाळ्यात फुगतं, सूर चढतात. सध्या मधल्या दोन पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात. मुलं त्या करंगळीनं उचलतात आणि पुढे वाजवतात, इतक्या सफाईनं की नव्या माणसाला तो रचनेचाच भाग वाटावा. हार्मोनियमच्या कारागिरांना दाखवला. हे आपलं काम नाही, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. जाणकार मुंबईहून बोलवावा लागेल. एकदा पूर्ण दुरुस्ती, त्यानंतर वर्षातून दोनदा सूर लावणं, असा ८५,००० रुपयांचा अंदाज आहे.

आता नेहमीचा प्रश्न: आपलं संगीत सोडून हे कशाला? सोडायला कोणी सांगितलंय! आणि बडोद्यात तरी हा प्रश्न पडू नये. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं उस्ताद मौलाबक्षांनी इथे १८८६ साली गायनशाळा सुरू केली. आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे ती त्याच शाळेची पुढची पिढी. मौलाबक्षांचे चिरंजीव अल्लाउद्दीन खाँ पठाण यांना महाराजांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पाठवलं. पुढे ज्या दरबारात फैयाज खाँ गायले, त्याच दरबाराचा बँडही होता. आपल्या आजोबांनी ज्या ऑर्गनच्या साथीवर नाट्यपदं ऐकली, तो ऑर्गनही परदेशातूनच आलेला. एकाला मोठं करायला दुसऱ्याला दाराबाहेर ठेवावं लागतं, हे आम्हाला पटत नाही. तानपुऱ्यासमोर एकच सूर निरखणाऱ्या मुलाला चार वाद्यं चार वाटांनी जाताना एकत्र ऐकायची सवय लागली, तर त्याचा कान अधिकच तयार होईल.

पैशांखेरीज आणखी एक मदत हवी आहे. चेलोचे (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं वाद्य) शिक्षक महिन्यातून एकदा शनिवार-रविवारी मुंबईहून येतात. चेलो वरच्या बर्थवर झोपतो, ते खाली बसून त्याच्यावर नजर ठेवतात. दांडिया बाजार, रावपुरा परिसरात एका रात्रीपुरती खोली कोणी दिली तर हॉटेलचा खर्च वाचेल. तळमजला किंवा लिफ्ट हवी. जेवण साधं चालतं. वरणभात त्यांना विशेष आवडतो.

डिसेंबरात मुलांची छोटी मैफल ठेवायचा विचार आहे. तिला या. एकाच रचनेच्या दोन भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे, या धास्तीनं पुष्कळ लोक येतच नाहीत. १७७८ साली पॅरिसमध्ये मोझार्ट या संगीतकाराची सिंफनी (वाद्यवृंदाची मोठी रचना) चालू असताना श्रोत्यांनी मधेच टाळ्या दिल्या, आणि त्यानं ते खूश होऊन वडिलांना कळवलं. तेव्हा वाजवा बिनधास्त. ‘क्या बात है’ म्हणालात तरी मुलं घाबरणार नाहीत.

देणगी ५०० रुपयांपासून पुढे कितीही. धनादेश, रोख किंवा यूपीआय. पावती लगेच मिळेल, आणि खर्चाचा हिशोब केंद्राच्या फलकावर दर तीन महिन्यांनी लावला जाईल. देणगी फक्त पियानोसाठी किंवा फक्त व्हायोलिनसाठी द्यायची असेल तर पावतीवर तसं लिहून घ्या. वाद्यं संध्याकाळी पाच ते आठ या वेळात कार्यालयात आणून द्यावीत. ज्येष्ठांनी निरोप धाडला तर आम्ही घरी येऊन नेऊ. नवरात्रीत संध्याकाळी केंद्र बंद असतं, तेव्हा त्या नऊ दिवसांत सकाळी दहा ते बारा यावं.

आपले,
कार्यवाह आणि पालक समिती